पुसलेले हात

फूटपट्टीने मागच्या दारातून आपली चाकांची खुर्ची आत घेतली आणि हात धुवायच्या आधीच विचारलं, “रंग कुणी दिला?”

एरवी हात धुतल्याशिवाय ती कुणाशी बोलत नसे. रस्त्यावरची सगळी धूळ चाकांवाटे तिच्या तळव्यांना लागलेली असायची. घरात शिरलं की आधी बेसिन आणि मग माणसं, हा तिचा ठरलेला क्रम. वहिनींनी तिच्यासाठी नॅपकिन काढून ठेवला होता, तो त्यांच्या हातातच राहिला.

“मीच दिला,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे रंगारी बोलावले. आप्पा सोमवारी घरी येणार, तीन आठवडे दवाखान्याच्या भिंती बघून कंटाळले असतील, म्हटलं जरा प्रसन्न वाटेल.”

“जिन्याच्या भिंतीलाही?”

“तीच तर सगळ्यात कळकट होती.”

फूटपट्टी जिन्यापाशी गेली आणि मान वर करून त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बघत राहिली. वहिनी नॅपकिन घेऊन मागे उभ्या होत्या. या घरात येऊन त्यांना सव्वीस वर्षं झाली होती, आणि नणंद एकही शब्द न बोलता एवढा वेळ बसल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. काहीतरी चुकलंय एवढं कळलं. काय ते कळेना.

फूटपट्टी हे नाव आप्पांनीच ठेवलेलं. लहानपणी तिला खेळणं म्हणून पट्टी लागायची आणि ती घरातल्या प्रत्येक वस्तूची उंची भिंतीवर लिहून ठेवायची. जन्मापासून पाय चालले नाहीत, पण डोकं असं चालायचं की शिक्षक घरी येऊन आप्पांना सांगून जायचे. आता ती नावाजलेली आर्किटेक्ट होती. वाचनालयं, दवाखाने, बसथांबे, शाळा, जिथं कुणाला तरी दारातूनच परत जावं लागतं तिथं तिला बोलावलं जायचं, आणि बोलावलं नाही तर ती पत्र लिहून स्वतःच जायची. वहिनींच्या शिवणाच्या दुकानात येणाऱ्या बायका सांगायच्या, नव्या वाचनालयात सासऱ्यांना एकटं पाठवते हो आता. वहिनी शिलाईवरून नजर न काढता म्हणायच्या, “आमच्या फूटपट्टीनं केलंय ते.” आणि मग उगाचच दोन टाके जास्त घालायच्या.

पण गंमत अशी की या फूटपट्टीचे वडील जिने बनवणारे सुतार. मागच्या अंगणातल्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. घरातला जिना तर त्यांचा लाडका. सतरा पायऱ्या, आठवीवर वळण, उजव्या हाताला एकसंध वळवलेला कठडा. बघायला माणसं येत. त्याच कारखान्यात तीन आठवड्यांपूर्वी आप्पा रंधा हातात असताना खाली बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू गेली. जीव वाचला, बोलणं थोडं जड झालं, पण हट्टाला मात्र काही झालेलं नव्हतं. दवाखान्यातल्या पलंगावरून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, मी माझ्या खोलीत झोपणार, वर. दोन, माझ्या जिन्याला कुणी खिळा मारायचा नाही.

याच दोन गोष्टींवर आज शनिवारी सकाळी सगळे जमले होते.

“बैठकीच्या खोलीत कॉट टाकायची,” दादा म्हणाला. कप अजून टेबलावर यायचे होते आणि त्याने विषय संपवायला घेतला होता. थोरला मुलगा, वहिनींचा नवरा. कारखाना आता तोच बघायचा. “संडास खालीच आहे. प्रश्न मिटला.”

“माझ्याकडे लिफ्ट आहे,” धाकटा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. दिवसभर समोरची माणसं तोंड उघडं ठेवून गप्प पडलेली असत, त्यामुळे घरातही कुणी उलट बोलेल याची त्याला सवय नव्हती. “सहावा मजला, उजेड, हवा. सहा महिने माझ्याकडे राहू देत.”

“आणि दिवसभर कोण आहे तुझ्या घरी?”

“बाई ठेवू.”

“आप्पा आणि बाई! पहिल्याच दिवशी बाई रडत घरी जाईल.”

वहिनी हसल्या, धाकटाही हसला. मग दोघं भाऊ फूटपट्टीकडे वळले. दादाला खात्री होती की ती आपल्याच बाजूची. पायऱ्यांशी तिचं जन्माचं वैर, असं तो सगळ्यांना अभिमानाने सांगायचा.

“तू सांग फूटपट्टे. कॉट कुठं टाकायची?”

“वर,” फूटपट्टी म्हणाली. “आहे तिथंच.”

दादाने कप खाली ठेवला. “म्हणजे? सगळ्या शहराला रॅम्प लावत हिंडतेस आणि आप्पांना जिना चढायला लावतेस?”

“मी रॅम्प विकत नाही, दादा. माणसाला जिथं जायचंय तिथं पोचवते. आप्पांना वर जायचंय.”

“लहान मुलाला विस्तवात हात घालायचा असला तर घालू द्यायचा?”

“ते लहान मूल नाहीत. मी काल त्यांचा व्यायाम घेणाऱ्या बाईंशी तासभर बोलले. उजवा पाय उचलतोय. डाव्या हाताला भक्कम धरायला असेल तर ते पायऱ्या चढतात. सहा दिवस झाले, रोज चढतायत. सकाळी एकदा खाली, संध्याकाळी एकदा वर, मागे एक माणूस, एवढं चालेल म्हणाल्या. मी लिहून घेतलंय.”

“दवाखान्यात चार पायऱ्या आहेत. इथं सतरा.”

“म्हणून वळणावर बसायला फळी. आठ चढायच्या, बसायचं, मग नऊ.”

“ताई, पण खाली झोपले तर बिघडतं काय?” धाकट्याने विचारलं.

“आईच्या शेवटच्या महिन्यात कॉट खाली टाकली होती ना? आठवतं? येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघायचा, मग चप्पल काढायचा. बैठकीच्या खोलीत झोपलेला माणूस सगळ्या जगाचा पेशंट होतो. आप्पांना ते नकोय. मला त्यांनी सांगितलं नाही, पण कळतं.”

मग दादा जरा मोठ्यानेच म्हणाला, “आणि पडले तर? मी उचलणार आहे त्यांना. तू नाही उचलू शकणार.”

वहिनींना वाटलं, हे तोंडातून निघायला नको होतं. दादालाही वाटलं असावं, कारण तो लगेच चहा ढवळायला लागला, साखर तर तो घालत नसे.

“खरंय,” फूटपट्टी शांतपणे म्हणाली. “म्हणून तर मला त्यांना पडू द्यायचं नाही. चढताना भिंत त्यांच्या डाव्या हाताला आहे. जिन्याला हातही न लावता भिंतीवर दांडा बसवायचा. उतरताना त्यांचा स्वतःचा कठडा डाव्या हाताला येतो. एवढंच काम आहे. फक्त दांडा किती उंचीवर बसवायचा, ते मला भिंत सांगणार होती. आणि भिंतीला रंग दिलाय.”

आता कुठे वहिनींना उलगडा झाला. फूटपट्टीची कामाची रीत त्यांनी ऐकली होती, पण ती आपल्या घराला लागू होईल असं मनात आलं नव्हतं. जुन्या इमारतीत काम घेतलं की ती आधी रंगाऱ्यांना हाकलायची. मग दिवसभर भिंतींवरचे मळके डाग बघत हिंडायची. कुठं तळवा टेकलाय, कुठं नुसती बोटं घसरलीत, कुठं कोपर. पोस्टाच्या कचेरीत ती घाणीचे फोटो काढतेय म्हणून कारकून हसले होते. तिसऱ्या खिडकीपाशी भिंतीवर एक काळा पट्टा होता, बरोबर तिथं तिने दांडा लावला. महिन्याभरात तो दांडा हातांनी चकचकीत झाला. माणसाचा तोल जिथं जातो तिथं हात आपोआप टेकतो, असं ती म्हणायची. कुणाला विचारलं तर सांगता येत नाही, पण भिंतीवर लिहिलेलं असतं.

“पुस्तकात उंची असेल की,” धाकटा म्हणाला.

“पुस्तक नव्वद सेंटिमीटर म्हणतं. पुस्तकाला आप्पांचा वाकलेला खांदा माहीत नाही. वर जाता जाता ते कितव्या पायरीवर दमतात ते माहीत नाही.”

“मला काय ठाऊक गं,” वहिनी म्हणाल्या. “मी आपलं चांगलं म्हणून... मला कुणी सांगितलं असतं तर…”

“मी फोन केला होता,” फूटपट्टी म्हणाली. “पहिल्याच आठवड्यात. मी येईपर्यंत रंगाचा डबा घरात आणू नका म्हणून.”

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. दादा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता, लाकडात काही दोष सापडतोय का बघावा तसं.

“मला आला होता फोन,” तो शेवटी म्हणाला. “दवाखान्याच्या गडबडीत राहून गेलं. हिची काही चूक नाही.”

सव्वीस वर्षांत एवढं सरळ कबूल केलेलं वहिनींनी ऐकलं नव्हतं. रागवावं की कौतुक करावं हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी दोन्ही पुढे ढकललं, कारण डोक्यात एक वेगळीच गोष्ट आली होती.

“भिंत गेली, पण मी आहे ना,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“अगं, सव्वीस वर्षं ते डाग मीच पुसतेय. दर पंधरा दिवसांनी. ओलं फडकं घेऊन सतराव्या पायरीपासून खाली. कुठं जोर द्यावा लागतो, कुठं वाकावं लागतं, ते माझ्या हाताला ठाऊक आहे. दे इकडे खडू.”

दादा हसला. “फडक्याच्या आठवणीवरून दांडा बसवणार?”

पण फूटपट्टी हसली नव्हती. तिने मांडीवरची पिशवी उघडून निळा खडू काढला आणि वहिनींच्या हातात ठेवला. “तुम्ही गिऱ्हाइकाला नुसतं बघून बाही कापता,” ती म्हणाली. “तुमच्या हातावर माझा पुस्तकापेक्षा जास्त विश्वास आहे.”

वहिनींना एकदम हलकं वाटलं. त्यांनी गळ्यातली टेप सरळ केली, फडकं खरंच ओलं केलं, पिळलं आणि वर गेल्या. डोळे उघडे ठेवले तर पांढरी भिंत दिसायची आणि सगळं विसरायला व्हायचं, म्हणून डोळे मिटले. पाय पायऱ्या ओळखत होतेच. फडकं भिंतीवर ठेवून त्या पुसायला लागल्या, नेहमीसारखं, आणि हात जिथं थबकेल तिथं खडूची खूण करत खाली येऊ लागल्या.

“सोळावी. तळवा. मोठा, आप्पांचाच.”

“टेप लावा.”

“पायरीपासून... ब्याऐंशी.”

“बघा,” फूटपट्टी खालून म्हणाली. “पुस्तकापेक्षा आठ कमी. पुढे.”

ती खाली कागदावर जिना रेखत होती, एकेका पायरीवर एकेक टिंब. बाराव्या वर्षीच तो जिना तिच्या आयुष्यातून गेला होता, पण कितवी पायरी किती इंच हे तिला वर न बघता सांगता येत होतं. वहिनी चुकून चौदावी म्हणाल्या तर ती म्हणायची, “तेरावी असेल, चौदावीला तुम्ही खिडकीच्या उजेडात असता.” आणि ती तेरावीच असायची.

बाराव्या पायरीशी वहिनी जरा जास्त वाकल्या. “इथं चार-पाच सलग असायचे. खालच्या अंगाला. बोटंच फक्त. आईंचे.”

“आईचे?” दादा कठड्याला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

“शेवटची दोन वर्षं त्या भिंत धरूनच चढायच्या. तुम्ही सगळे कामावर असायचात. मी विचारलं तर म्हणाल्या, एक कठडा मला पुरत नाही असं यांना सांगू नकोस, वाईट वाटेल. मी आपली पुसत राहिले.”

दादा वहिनींना ओलांडून थेट सोळाव्या पायरीपर्यंत चढला, पहिल्या खुणेपाशी थांबला, आणि मग पाठ फिरवून खाली उतरायला लागला. उतरता उतरता त्याचा हात भिंतीला टेकला. बरोबर खडूच्या खुणेवर. त्याने हात उचलून बघितला, तर तळव्याला निळी फुली उमटली होती.

“मला तर काही झालेलं नाही,” तो चकित होऊन म्हणाला.

“कुणाला काही व्हावं लागत नाही,” फूटपट्टी म्हणाली. “दांडा सगळ्यांना लागतो. फक्त काही जण भिंतीवर भागवतात.”

दादा पायरीवरच बसला. “कारखान्यातल्या मिस्त्रींना बोलावतो,” तो म्हणाला. “सागवानाची एक लांब पट्टी ठेवलीय त्यांनी. सोमवारपर्यंत होईल. मागे मी चढेन रोज. दुसरं कुणी नाही.”

“आणि महिन्यातून एक आठवडा माझ्याकडे,” धाकटा घाईने म्हणाला. कुणी उत्तर दिलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही, तेवढ्याने तो खूश झाला.

वहिनी वळणावर आल्या होत्या. आता उरल्या आठच पायऱ्या. पण त्यांचा हात वळणावरच्या भिंतीवर वर वर गेला, टाचा उचलल्या गेल्या, आणि फडकं डोक्याच्याही वर जाऊन थांबलं.

“इथं एक होता,” त्या म्हणाल्या. “हा मला कधी कळला नाही. एवढ्या उंच कुणाचा हात पोचणार? आणि लहानसा, पोराचा वाटावा असा. किती घासला तरी जायचा नाही, मुरलेला. आप्पांना एकदा म्हटलं, रंग देऊन टाकू या या भिंतीला. नको म्हणाले, रंगाचे थेंब लाकडावर पडतात. सव्वीस वर्षं हेच उत्तर. या वेळी घरात नव्हते म्हणून तर मी...”

त्या डोळे उघडून खाली बघतात तो फूटपट्टीने पेन्सिल ठेवून दिली होती.

“माझा आहे,” ती म्हणाली.

दादाला आठवलं असावं, त्याने मान खाली घातली.

“बारा वर्षांची होईपर्यंत आप्पा मला रोज पाठीवर घेऊन वर न्यायचे. माझं चित्रांचं टेबल वर होतं, रस्त्याच्या खिडकीपाशी. वळणावर त्यांचा तोल जायचा, दिवसभर उभं राहून दमलेले असायचे. मग ते म्हणायचे, हात लाव. मी डावा हात भिंतीला लावायची आणि जोर द्यायची. मला वाटायचं, मीच त्यांना सांभाळतेय. पुढं मी जड झाले. त्यांनी टेबल खाली आणलं आणि म्हणाले, वर उजेड कमी पडतो.” ती जरा थांबली. “वर भरपूर उजेड आहे. मला ठाऊक होतं.”

वहिनी त्या उंच जागेखाली उभ्या होत्या. आप्पांनी तीस वर्षं जपलेली एक गोष्ट त्यांनी एका दुपारी, चांगल्या मनाने, दोन हात मारून संपवली होती. “आता त्यांना काय सांगू गं मी?” त्या कशाबशा म्हणाल्या.

“काही नका सांगू. खूण करा तिथं.” फूटपट्टीने पेन्सिल पुन्हा उचलली होती. डोळे पाण्याने भरलेले होते आणि ती तशीच आकडे लिहीत होती. “आप्पांचा तोल तेव्हाही वळणावरच जायचा. आडवा दांडा तिथं पुरणार नाही, माणूस फिरतो तेव्हा हात वर जातो. तिथं एक उभा दांडा हवा. एवढ्या उंच नको, खांद्यापर्यंत. पण जागा तीच.”

सगळ्या शहराला वाट करून देणारी ही बाई स्वतः त्या वळणापर्यंत पोचू शकत नव्हती, आणि तरी ते वळण तिच्याइतकं कुणाला कळलेलं नव्हतं. वहिनींनी टाचा उंचावून फुली मारली, चांगली ठळक.

सोमवारी दवाखान्याची गाडी वेळेच्या तासभर आधीच आली. फूटपट्टी एका शाळेची पाहणी अर्धी सोडून धावतपळत पोचली, म्हणजे तिच्या चाकांना जेवढं धावता येतं तेवढं, आणि गाडीपाठोपाठच आत शिरली. हात धुवायला सवड मिळाली नाही.

आप्पा जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले. मागे दादा, त्याच्या दोन्ही हातांत आप्पांचा कमरेचा पट्टा. वर वळणावर धाकटा. मिस्त्री टोपी काढून कडेला उभे, परीक्षेला बसल्यासारखे. आप्पांनी पांढऱ्या भिंतीकडे सावकाश बघितलं, वर वळणापर्यंत.

“रंग दिलात,” ते म्हणाले. शब्द जड होते, पण स्पष्ट.

“मी दिला, आप्पा,” वहिनी म्हणाल्या. “माझं चुकलं.”

त्यांनी सुनेकडे बघितलं. मग नव्या दांड्याकडे. डाव्या हाताची बोटं दांड्याच्या खालून फिरवली, जिथं कुणी बघत नाही तिथून. “खालूनही पॉलिश?”

“बोटं खालूनच वळतात ना मालक,” मिस्त्री म्हणाले. “ताईंनी तीन वेळा परत करायला लावलं.”

आप्पांच्या तोंडाची चांगली बाजू हलली. त्यांना ओळखणाऱ्यांना ते हसू कळलं. मग त्यांनी दांडा धरला आणि डावा पाय उचलला.

एक. दोन. फूटपट्टी पायथ्याशी, भिंतीला लागून, खुर्चीत पुढे झुकून बसली होती. ती पायऱ्या मोजत नव्हती, आप्पांच्या हाताकडे बघत होती. हात सरकत होता, कुठं शोधत नव्हता. पाचवीला थांबले. दादाने काही विचारलं नाही. सहा. सात. आठवीवर ते वळले आणि क्षणभर सगळं अंग डावीकडे झुकलं. आप्पांचा हात आडव्या दांड्यावरून सुटला, वर गेला, आणि उभ्या दांड्यावर मिटला. जसा काही तो दांडा तिथं कायमचाच होता.

धाकट्याने फळीकडे बोट दाखवलं. आप्पा बसले नाहीत. त्यांनी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे मान वर करून बघितलं, आणि धापा टाकत, कुणाकडेही न बघता म्हणाले,

“हात लाव.”

दादाला वाटलं त्यालाच सांगतायत, तो पुढे झाला. पण खाली फूटपट्टीचा डावा हात केव्हाच भिंतीला टेकला होता. सगळा तळवा, बोटं पसरून, खांद्यातून जोर देऊन, दातओठ खाऊन तिने भिंत ढकलली.

“लावलाय, आप्पा,” ती म्हणाली.

वर दांड्यावरची मूठ आवळली आणि उजवा पाय उचलला गेला.

फूटपट्टीने हात काढला तेव्हा दहा दिवसांच्या पांढऱ्या रंगावर पाच काळी बोटं आणि एक तळवा जसाच्या तसा उमटला होता. तिचं तिलाच दिसलं. “अगं बाई, वहिनी, तुमची भिंत!”

वहिनींच्या कमरेला फडकं खोचलेलं होतंच. त्यांचा हात तिकडे गेला नाही.

“राहू दे,” त्या म्हणाल्या.

वर आप्पा नवव्या पायरीवर पोचले होते.